इंजिन बदल (मोटारवाहन)

इंजिन बदल म्हणजे मोटारवाहनातील झिजलेले, फुटलेले किंवा दुरुस्तीपलीकडे गेलेले इंजिन काढून त्या जागी दुसरे इंजिन बसविण्याची क्रिया होय. बसविले जाणारे इंजिन नवे, पुन्हा बांधलेले किंवा भंगारात निघालेल्या वाहनातून काढलेले असू शकते. वाहनाचा सांगाडा सुस्थितीत असून केवळ इंजिन निकामी झाले असेल, तर वाहनाचे आयुष्य वाढविण्यासाठी हा मार्ग अवलंबिला जातो. भारतात इंजिन क्रमांक हा वाहनाच्या नोंदणी प्रमाणपत्राचा भाग असल्याने ही क्रिया तांत्रिक असते तितकीच कायदेशीरही असते.

पार्श्वभूमी

१९८० च्या दशकापर्यंत भारतात प्रवासी मोटारींचे मोजकेच प्रकार उपलब्ध होते आणि नव्या गाडीसाठी अनेक वर्षे थांबावे लागे. त्यामुळे असलेली गाडी टिकविण्याची आणि तिचे इंजिन पुन्हा पुन्हा बांधून घेण्याची रीत सर्वत्र रूढ झाली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्स या कंपनीच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात फियाट ११०० आणि पुढे प्रीमियर पद्मिनी ही गाडी तयार होत असे. पद्मिनीचे १,०८९ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन साध्या रचनेचे होते व ते साध्या हत्यारांनी खोलता येई. पुढे काही पद्मिनी गाड्यांत कारखान्यातूनच डिझेल इंजिन बसविले जाऊ लागले. मुंबईच्या रस्त्यांवरील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली.

ग्रामीण भागात जीपगाड्यांच्या बाबतीत हा प्रघात अधिक दिसून येई. महिंद्राच्या जुन्या जीपमधील पेट्रोल इंजिन काढून त्या जागी डिझेल इंजिन बसविणे हे इंधन खर्च वाचविण्याचे प्रचलित साधन होते. प्यूजो कंपनीच्या परवान्याने तयार होणारी डिझेल इंजिने महिंद्राने स्वतःच्या जीपमध्ये वापरली. नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी येथे महिंद्राचा इंजिन कारखाना आहे. १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० मुळे ७९६ घनसेंटिमीटरचे तीन सिलिंडरचे इंजिन घरोघरी पोहोचले. त्याच क्षमतेचे इंजिन ओम्नी या गाडीतही असल्याने सुटे भाग सहज मिळू लागले. मुंबईतील कुर्ला आणि पुण्यातील नाना पेठ ही वाहनांच्या सुट्या भागांच्या व्यापाराची परिचित ठिकाणे होत.

गरज ओळखणे

इंजिन बदलण्यापूर्वी दोष नेमका कोठे आहे हे ठरविणे आवश्यक असते, कारण अनेकदा लहान दोषासाठी संपूर्ण इंजिन बदलले जाते.

निळसर धूर हे ज्वलनकक्षात ऑइल जात असल्याचे लक्षण आहे. उतारावर अॅक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबताच धूर येत असेल, तर व्हॉल्व्ह सील गेल्याची शक्यता अधिक असते. चढावर किंवा ओझे असताना सतत धूर येत असेल, तर पिस्टन रिंग व सिलिंडरची झीज संभवते. पहिल्या दोषासाठी केवळ हेडचे काम पुरते. इंजिन तापल्यानंतरही पांढरा धूर येत राहणे, रेडिएटरमधील पाणी वारंवार कमी होणे आणि ऑइलला दुधाळ रंग येणे ही हेड गॅस्केट फुटल्याची किंवा हेडला तडा गेल्याची चिन्हे आहेत. डिझेल गाडीतील काळा धूर बहुधा नोझल, पंप किंवा एअर फिल्टरशी निगडित असतो. इंजिनाच्या खालच्या भागातून येणारा जड ठोका बेअरिंग झिजल्याचे दर्शवितो.

प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजणे ही सर्वांत विश्वासार्ह चाचणी होय. एखाद्या सिलिंडरचा दाब कमी आढळल्यास त्यात थोडे ऑइल सोडून पुन्हा मोजणी करतात. दाब वाढला तर दोष रिंग किंवा सिलिंडरचा, न वाढल्यास व्हॉल्व्ह अथवा गॅस्केटचा, असा निष्कर्ष काढता येतो.

प्रकार

दुरुस्तीच्या व्यवहारात पुढील प्रकार रूढ आहेत.

इंजिन बांधणे: जुनाच ब्लॉक ठेवून सिलिंडर बोअर करणे, नवे रिंग-पिस्टन व बेअरिंग टाकणे आणि हेडची दुरुस्ती करणे. यात इंजिन क्रमांक बदलत नाही.

हाफ इंजिन: ब्लॉक, क्रँक व पिस्टन यांचा तयार संच आणून त्यावर जुने हेड बसविणे. क्रमांक सामान्यतः ब्लॉकवर कोरलेला असल्याने यात तो बदलतो.

फुल इंजिन: हेडसह संपूर्ण इंजिन बदलणे.

वेगळ्या जातीचे इंजिन: मूळ इंजिनाहून निराळ्या क्षमतेचे किंवा निराळ्या इंधनावर चालणारे इंजिन बसविणे. याला कायद्याने कडक मर्यादा आहेत.

एकाच नावाची इंजिने परस्परांच्या जागी बसतातच असे नाही. पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथील कारखान्यात तयार झालेले फियाटचे १.३ लिटरचे मल्टिजेट डिझेल इंजिन फियाट व टाटा या दोन्ही कंपन्यांच्या गाड्यांत बसविले गेले. मारुतीनेही त्याच रचनेचे इंजिन परवान्याने तयार केले. तरीही फाउंडेशन, वायरिंग आणि संगणकीय नियंत्रक यांतील फरकांमुळे एका कंपनीच्या गाडीतील इंजिन दुसऱ्या कंपनीच्या गाडीत जसेच्या तसे चालत नाही. कार्ब्युरेटरच्या मारुती ८०० मध्ये इंधन-अंतःक्षेपणाचे इंजिन बसवायचे झाल्यास नियंत्रक, सेन्सर, वायरिंग आणि पेट्रोल पंप हेही बदलावे लागतात.

कार्यपद्धती

काम सुरू करताना प्रथम बॅटरीची ऋण तार सोडवितात. इंधन-अंतःक्षेपणाच्या गाडीत इंजिन बंद असतानाही नळीत दाब शिल्लक असतो, म्हणून तो उतरविल्याशिवाय नळी सोडवीत नाहीत. त्यानंतर पाणी व ऑइल काढणे, रेडिएटर, सायलेन्सरचा पाइप, सेल्फ, तारा व केबल सोडविणे हा क्रम असतो. प्रत्येक जोडणीवर खूण करून ठेवल्यास पुढील चूक टळते. पद्मिनी किंवा जीप यांसारख्या मागील चाकांनी चालणाऱ्या गाडीत इंजिन लांबीच्या दिशेने असते व गिअरबॉक्सपासून सोडवून वर उचलता येते. पुढील चाकांनी चालणाऱ्या गाडीत ते बहुधा आडवे असते आणि चाकांकडे जाणारे दोन्ही शाफ्ट काढून गिअरबॉक्ससह बाहेर घेणे सोयीचे ठरते.

इंजिन बाहेर असतानाच क्लच प्लेट, क्रँकचे मागील ऑइल सील, पाण्याचा पंप, टायमिंग बेल्ट, रबरी फाउंडेशन आणि पाण्याच्या नळ्या बदलून घेणे हितावह असते. हे भाग तुलनेने स्वस्त असतात; मात्र नंतर त्यांपैकी काहींसाठी गिअरबॉक्स किंवा इंजिन पुन्हा उतरवावे लागते.

हेडचे बोल्ट मध्यापासून बाहेरच्या दिशेने, टप्प्याटप्प्याने आणि उत्पादकाने ठरवून दिलेल्या बलानेच आवळावे लागतात. ते एकाच दमात आवळल्यास हेड वाकते व नवे गॅस्केटही लवकर फुटते. पहिल्यांदा इंजिन सुरू करण्यापूर्वी प्रज्वलन बंद ठेवून सेल्फने इंजिन फिरवितात, जेणेकरून बेअरिंगपर्यंत ऑइल पोहोचते. पाण्याच्या मार्गातील आणि डिझेल गाडीत इंधनमार्गातील हवाही काढावी लागते. पाण्यात अडकलेल्या हवेमुळे नव्याने बांधलेले इंजिन पहिल्याच दिवशी तापून निकामी होऊ शकते. बांधलेले इंजिन आरंभी जड ओझ्याशिवाय व मध्यम वेगाने चालवितात आणि पहिले ऑइल नेहमीपेक्षा लवकर बदलतात.

सुरक्षितता

घरच्या अंगणात होणाऱ्या कामात सर्वांत मोठा धोका वजनाचा असतो. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाणे प्राणघातक ठरू शकते. गाडी लोखंडी घोड्यांवर टेकविणे आणि जमिनीवरील चाकांना ओट लावणे अनिवार्य मानले जाते. झाडाच्या फांदीला किंवा घराच्या आढ्याला चेनपुली टांगून इंजिन उचलण्याची पद्धत खेड्यांत आढळते. फांदीची किंवा लाकडाची ताकद बाहेरून कळत नसल्याने ती धोक्याची आहे. बंद गोठ्यात किंवा शेडमध्ये इंजिन चालू ठेवल्यास कार्बन मोनॉक्साइड साठतो. या वायूला रंग वा वास नसल्यामुळे तो जाणवत नाही. उतरविलेले जुने ऑइल कायद्यानुसार घातक कचऱ्यात मोडते. ते विहिरीजवळ, नाल्यात किंवा शेतात ओतणे निषिद्ध आहे.

कायदेशीर बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने मूळ ठरविलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला वाहनात करता येत नाही. सीएनजी, एलपीजी किंवा विजेवर वाहन चालविण्यासाठी मान्यताप्राप्त संच बसविण्याची तरतूद त्याच कलमात आहे. झालेल्या बदलाची माहिती १४ दिवसांच्या आत नोंदणी प्राधिकाऱ्यास देणे बंधनकारक आहे. कर्जावर घेतलेल्या वाहनासाठी वित्तपुरवठादाराची लेखी संमती लागते. २०१९ च्या दुरुस्तीने समाविष्ट झालेल्या कलम १८२-अ नुसार, परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

जुन्या बाजारातून घेतलेल्या इंजिनाची पावती आणि ते ज्या वाहनातून निघाले त्याचा तपशील जपून ठेवणे महत्त्वाचे असते. चोरीच्या वाहनाचे इंजिन असल्यास ते बसविणारा अडचणीत येतो. प्रमाणपत्रावरील आणि ब्लॉकवरील क्रमांक जुळत नसल्यास वाहनाची विक्री, नोंदणीचे नूतनीकरण व विम्याचा दावा या तिन्ही गोष्टी अडू शकतात. म्हणून नोंदणी प्रमाणपत्रासोबत विमापत्रातही नवा क्रमांक नोंदवून घ्यावा लागतो.

खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षे वैध असते व त्यानंतर तपासणी करून दर वेळी ५ वर्षांसाठी तिचे नूतनीकरण होते. दिल्ली व परिसरात जुन्या वाहनांवर वयाच्या आधारे निर्बंध आले, तसा सरसकट निर्बंध महाराष्ट्रातील खासगी मोटारींवर नाही. मात्र १ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरील मोटारीचे नूतनीकरण शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. शिवाय राज्यात जुन्या वाहनांवर पर्यावरण करही आकारला जातो.

वाशीम जिल्ह्यातील संदर्भ

वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे प्रमुख तीर्थक्षेत्र असून तेथे संत सेवालाल महाराजांची समाधी आहे. रामनवमीच्या यात्रेसाठी महाराष्ट्रासह तेलंगणा, आंध्र प्रदेश व कर्नाटकातून भाविक येतात. गावात रेल्वे स्थानक नसल्याने सारी ये-जा रस्त्यानेच होते. अशा भागात कुटुंबाची जुनी मोटार किंवा जीप ही रुग्णालय, बाजार व तालुक्याचे ठिकाण गाठण्याचे साधन असते. त्यामुळे गाडी भंगारात काढण्यापेक्षा तिचे इंजिन बांधून घेण्याकडे कल असणे स्वाभाविक आहे.

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. जिल्ह्यातील वाहनांना एमएच-३७ हा संकेतांक आहे. त्यापूर्वी नोंदलेल्या गाड्यांवर अकोल्याचा एमएच-३० हा संकेतांक आढळतो. मालक ज्या कार्यालयाच्या हद्दीत राहतो तेथे बदलाची नोंद करता येते. ते कार्यालय मूळ नोंदणी कार्यालयास त्याची माहिती कळविते. त्यामुळे अकोल्याचा क्रमांक असलेल्या गाडीसाठी मानोरा तालुक्यातील मालकास वाशीमच्या कार्यालयात ही नोंद करता येते.

दुरुस्ती की मोडीत काढणे

निर्णय घेताना इंजिनापेक्षा सांगाड्याची स्थिती निर्णायक ठरते. तळपत्रा, चेसिस व सस्पेन्शनच्या जोडजागा गंजलेल्या असतील, तर उत्तम इंजिनही गाडी सुरक्षित करू शकत नाही. ब्रेक, स्टिअरिंग व टायर यांचा खर्च इंजिनाच्या खर्चात मिळवून एकूण रकमेची तुलना तशाच स्थितीतील जुन्या गाडीच्या किमतीशी करणे योग्य असते. नोंदणीची किती वर्षे उरली आहेत आणि सुटे भाग मिळतात किंवा नाही, हेही पाहावे लागते. ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय वाहन मोडीत धोरणानुसार नोंदणीकृत केंद्रात गाडी मोडीत काढल्यास ठेव प्रमाणपत्र मिळते व ते नव्या वाहनाच्या खरेदीत सवलतीसाठी वापरता येते.