आजारी गृहिणीचें वेळापत्रक

मनुष्याच्या हातून अज्ञानानें जितक्या चुका होतात, त्यांहून अधिक चांगल्या हेतूनें होतात, असें छत्तीस वर्षांच्या मास्तरकीनंतर आमचें मत झालें आहे. मागील वर्षीं अशी एक चूक आमच्याच घरांत आमच्या हातून झाली. ती वाचकांपुढें ठेवण्यांत आम्हांस भूषण वाटत नाहीं. परंतु सुशिक्षित एकत्र कुटुंबांतून तसलीच चूक कमीअधिक प्रमाणांत होत असावी, असें वाटल्यावरून हा लेखनप्रपंच करीत आहों.

आम्ही देगलूरचे राहणारे. आमच्या थोरल्या सूनबाईंचें वय आज चौतीस. लग्न ठरलें तेव्हां त्या बी. ए. च्या दुसऱ्या वर्षांत होत्या. पुस्तकें माहेरीं राहिलीं तीं राहिलींच. चार वर्षांपूर्वीं त्यांच्या दोन्ही हातांचीं बोटें व मनगटें सुजूं लागलीं. नांदेडच्या डॉक्टरांनीं आमवाताचें निदान केलें. पाश्चात्त्य वैद्यकांत यालाच ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात. पुढें दोन वर्षांनीं आमचा नातू शाळेचें नांव काढतांच ओकूं लागला. शाळेंत काय घडलें होतें तें सांगण्याचें येथें प्रयोजन नाहीं. मूल भ्यालें होतें एवढें खरें. त्याला घरीं ठेविलें आणि शिकविण्याचें काम आईकडे आलें. त्यांतच मागील वर्षीं सूनबाईंनीं आपलें अर्धवट राहिलेलें शिक्षण पुरें करण्याचें ठरवून नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठांत नांव घातलें.

घरीं शिकणें ही आमच्या भागाला नवलाची गोष्ट नव्हे. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत देगलूर निजामाच्या राज्यांत होतें. हैदराबादेस १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाची भाषा उर्दू, आणि सरकारी शाळांतहि तिचाच दरारा. आमच्या वडिलांची पिढी शाळेंत उर्दू शिकली, आणि मराठी व संस्कृत घरच्या ओसरीवर शिकली. म्हणून नातू घरीं बसला याची आम्हांस फारशी चिंता वाटली नाहीं. सूनबाईंच्या निश्चयाचा तर आनंदच झाला. पण मास्तराचा आनंद वेळापत्रकाच्या रूपानें बाहेर पडतो! आम्हीं एक मोठा कागद घेतला, पट्टीनें रेघा ओढल्या आणि तो माजघराच्या भिंतीवर लाविला. पहांटे पांच ते सात सूनबाईंचें अध्ययन. सात ते दहा स्वयंपाक. दहा ते एक नातवाचे धडे. दुपारीं थोडी विश्रांति. चार ते सहा नातवाचें गणित व लेखन. रात्रीं जेवणें आटोपल्यावर पुन्हां विद्यापीठाचें पुस्तक. पहांटेचा काळ विद्येला उत्तम, हें आम्हीं लहानपणीं अमरकोश व रूपावली पाठ करतांना वडिलांकडून ऐकलें आणि पुढें छत्तीस वर्षें मुलांना ऐकविलें. त्यांत शंका घेण्यासारखें कांहीं असेल असें स्वप्नांतहि आलें नव्हतें.

वेळापत्रक तीन आठवडे चाललें. सूनबाई एक दिवसहि चुकल्या नाहींत, आणि आम्ही शेजाऱ्यापाजाऱ्यांस तें कौतुकानें सांगत राहिलों. एके दिवशीं पहांटे साडेपांचाच्या सुमारास आम्ही पाणी पिण्यास उठलों, तों माजघरांत दिवा दिसला. सूनबाई खुर्चीवर बसल्या होत्या. समोर पुस्तक उघडें, शेजारीं कोमट पाण्याचें पातेलें, आणि दोन्ही हात त्या पाण्यांत. पान उलटावयाचें झालें म्हणजे हात पुसून मनगटाच्या कडेनें त्या तें सरकवीत. आम्हीं विचारलें तेव्हां खालीं मान घालून म्हणाल्या, “मामंजी, सकाळीं नऊ वाजेपर्यंत मला पेन धरवत नाहीं. आपण इतक्या हौसेनें लिहून लाविलेलें, म्हणून बोललें नाहीं.”

आम्ही निरुत्तर झालों. पुढच्या खेपेस त्यांच्याबरोबर स्वतः नांदेडला गेलों. देगलूरहून नांदेड सुमारें ८० किलोमीटर. चार वर्षांत या वाटेनें त्या कितीदां गेल्या असतील. आम्ही मात्र त्यांच्या दुखण्यासाठीं प्रथमच जात होतों. डॉक्टरांनीं जें सांगितलें तें प्रत्येक घरांतील वडील माणसांनीं जाणून घेण्यासारखें आहे. म्हातारपणीं गुडघे झिजतात तो विकार निराळा. तो बहुधा दिवसभराच्या श्रमानें बळावतो आणि विश्रांतीनें उतरतो. आमवातांत शरीराचें रोगांशीं लढणारें सैन्यच चुकून स्वतःच्या सांध्यांच्या अस्तरावर चालून जातें. सूज आणणारीं द्रव्यें रात्रीच्या उत्तरार्धांत वाढतात, म्हणून सकाळीं सांधे लाकडासारखे आखडलेले असतात. तासभर, कधीं त्याहूनहि अधिक. हालचाल सुरू झाली म्हणजे ते हळूहळू सुटतात. पुरुषांपेक्षां स्त्रियांना हा विकार दोनतीनपट अधिक होतो. त्यांतला थकवा हा आळस नसून रोगाचाच भाग असतो. रोग समूळ जाईलच असें नाहीं, पण वेळेवर व नियमित औषध घेतल्यास बहुतेकांचा ताब्यांत राहतो. मेथोट्रेक्सेट नांवाची त्यावरची प्रमुख गोळी आठवड्यांतून एकदांच घ्यावयाची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. सूनबाई ती दर रविवारीं घेत, सोमवारीं त्यांना मळमळे. आणि आमच्या वेळापत्रकांत सोमवार हा गणिताच्या चांचणीचा दिवस होता.

त्याच दिवसांत नातवाला वाचून दाखविण्यासाठीं आम्हीं काशीबाई कानिटकर यांनीं लिहिलेलें डॉ. आनंदीबाई जोशी यांचें चरित्र काढलें होतें. शाळेंत आनंदीबाईंची हकीकत उद्योगाचा धडा म्हणून आम्हीं किती वर्गांना सांगितली असेल त्याची गणती नाहीं. त्यांच्या दुखण्याचा भाग मात्र आम्ही नेहमीं भरभर ओलांडीत असूं. या खेपेस तेथेंच थांबणें भाग पडलें.

आनंदीबाईंचा जन्म १८६५ चा. नवव्या वर्षीं लग्न झालें. पति गोपाळराव पोस्टांत नोकरीस होते. बायकोला शिकविण्याचा त्यांना ध्यास होता, आणि शिकवणी बहुतांशीं घरांतच झाली. ती जितकी कळकळीची तितकीच कठोर होती. लहान वयांत सोसलेली मारहाण आनंदीबाईंनीं पुढें पतीलाच लिहिलेल्या पत्रांत बोलून दाखविली आहे. चौदाव्या वर्षीं मुलगा झाला, तो दहा दिवसांत गेला. पुढें बंगालमधील श्रीरामपूर येथें असतांना डोकेदुखी, ताप, धाप व अशक्तपणा हीं मागें लागलीं. अमेरिकेहून थिओडिशिया कार्पेंटरबाईंनीं औषधें पाठविलीं, त्यांचा गुण आला नाहीं. अशा प्रकृतीनिशीं १८८३ च्या एप्रिलांत, वयाच्या अठराव्या वर्षीं, पति बरोबर नसतांना त्या कलकत्त्याहून जहाजावर चढल्या. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांत त्यांचें शिक्षण झालें. तेथली थंडी व अपुरें अन्न प्रकृतीला मानवलें नाहीं. दुखणें वाढत गेलें आणि अभ्यासहि चालूच राहिला. ११ मार्च १८८६ रोजीं त्यांना पदवी मिळाली. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयांत स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक झाली होती. परंतु तो भार घेण्यापूर्वींच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, पुण्यांत क्षयानें त्यांचा अंत झाला. वयाला बावीस वर्षेंहि पुरीं झालीं नव्हतीं.

क्षयाचा जंतु रॉबर्ट कॉख यांनीं १८८२ सालीं शोधला. त्यावर लागू पडणारें पहिलें औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ सालीं सांपडलें. तेव्हां आनंदीबाईंना कोणी वांचवूं शकलें असतें असें आम्ही म्हणत नाहीं. पण त्यांच्या निश्चयाची मोजदाद ज्यानें त्यानें केली, आम्हींहि वर्गांत केली. शक्तीची मोजदाद कोणीं केली? हळू शिकण्याची सवलत त्यांच्या काळीं नव्हतीच. सूनबाईंच्या काळीं औषध आहे, सवड देणारें विद्यापीठहि आहे. सवड नव्हती ती आमच्या माजघराच्या भिंतीवर.

येथें आणखी एक गोष्ट आठवली. न्यायमूर्ति रानड्यांच्या पत्नी रमाबाई यांच्या आठवणींचें पुस्तक १९१० सालीं निघालें. पति रात्रीं शिकवीत, आणि घरांतील बायका त्यावरून छळ करीत, ही त्यांतली हकीकत अनेक वाचकांच्या परिचयाची असेल. आमच्या घरांत विरोध मुळींच नव्हता. उलट सर्वांस कौतुक होतें. पण कौतुक करणाऱ्या आमच्या घरांतहि पोळ्यांची कणीक सूनबाईंच्याच सुजलेल्या हातांखालीं राहिली होती. विरोध निदान डोळ्यांना दिसतो. कौतुकाआड काय झांकलें जातें तें दिसत नाहीं.

तो कागद आम्हीं उतरविला. नवा सूनबाईंनीं सांगितला आणि आम्हीं लिहिला. त्यांत चार गोष्टी आहेत.

पहिली अशी, कीं वेळ घड्याळावरून न ठरवितां दुखण्यावरून ठरवावयाची. सूनबाईंचा अभ्यास आतां अकरा ते साडेबारा व दुपारीं चारनंतर असतो. सकाळ आमची. नातू आमच्याबरोबर फिरावयास येतो, येतां येतां पाढे व श्लोक म्हणतो. कणीक आमचें कुटुंब मळतें, आणि भाजी चिरण्याचें काम आम्हीं पत्करलें आहे. “सासऱ्यानें विळीवर बसावें हें लोक पाहतील तर काय म्हणतील?” असें कुटुंबानें चार दिवस म्हटलें, पांचव्या दिवशीं फोडी लहान करण्यास सांगितलें. रात्रींचीं भांडीं चिरंजीवांकडे आहेत.

दुसरी गोष्ट, वेळापत्रकें दोन असावीं. हा रोग चढतो, उतरतो. आज चालणारा हात उद्यां चालेलच असें नाहीं. वाईट दिवसाच्या कागदावर दोनच ओळी आहेत: औषध वेळेवर घेणें, आणि आईनें पडल्या पडल्या मुलाचें वाचन ऐकणें. सूनबाईंनीं सकाळीं “आज दुसरा कागद” एवढेंच म्हणावयाचें. कारण कोणीं विचारावयाचें नाहीं. ही शेवटची अट त्यांनीं घातली, आणि सर्वांत अवघड तीच ठरली.

तिसरी गोष्ट, आई व मूल यांचा अभ्यास शक्य तेथें एकत्र करावा. सूनबाई इतिहासाचें प्रकरण वाचतात आणि त्याची गोष्ट मुलाला सांगतात. तो ती आपल्या वहींत चार वाक्यांत लिहितो. सांगतांना आईचें पाठ होतें, लिहितांना मुलाचें शुद्धलेखन होतें. छत्तीस वर्षांत असा दुपदरी तास आम्हांस साधला नव्हता.

चौथी गोष्ट कागदपत्रांची. महर्षि कर्व्यांनीं १९१६ सालीं महिला विद्यापीठ काढलें आणि १९२१ सालीं तेथून पहिल्या पांच स्त्रिया पदवीधर झाल्या. स्त्रीच्या संसाराला सोसेल असें शिक्षण तिला तिच्या भाषेंत मिळावें, ही त्यांची तळमळ होती. नाशिकचें मुक्त विद्यापीठ १९८९ चें. अशा विद्यापीठांत तीन वर्षांचा अभ्यास अधिक वर्षांत पुरा करतां येतो. आजारी विद्यार्थिनीनें या सवलतीची लाज बाळगूं नये. हात चालत नसेल तर परीक्षेस लेखनिक घेण्याची सोय असते. त्यासाठीं डॉक्टरांच्या दाखल्यासह अर्ज बराच आधीं करावा. मुलाच्या बाबतींत जन्माचा दाखला व जुन्या शाळेचे कागद जपून ठेवावे. १ एप्रिल २०१० पासून लागू असलेल्या शिक्षणहक्काच्या कायद्यान्वयें ६ ते १४ वर्षांच्या मुलाला त्याच्या वयाला अनुरूप अशा वर्गांत प्रवेश मिळतो. म्हणजे दोन वर्षें घरीं शिकलें म्हणून मूल मागें पडेल हें भय नको. घरींच शिकावयाचें ठरलें तर दहावीस १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसतां येतें.

आतां फळ काय मिळालें तें सांगतों. नातू जूनमध्यें शाळेंत जाऊन पाहतो म्हणाला आहे. आम्हीं घाई केलेली नाहीं. सूनबाईंनीं या वर्षीं निम्मेच विषय घेतले होते. परीक्षेच्या आठवड्यांत उजवें मनगट सुजलें. लेखनिकाचा अर्ज आधीं करावयास हवा होता, हें शहाणपण आम्हांस तेव्हां सुचलें. एक पेपर सोडावा लागला. घरीं आल्यावर पाय धुण्याआधीं त्या आमच्यासमोर उभ्या राहून म्हणाल्या, “मामंजी, एक विषय राहिला. आपण रागावला नाहीं ना?”

हा प्रश्न अद्यापि आमच्या घरांत निघतो, त्या अर्थीं आमची चूक पुरती दुरुस्त झालेली नाहीं. कागद बदलण्यास एक दुपार पुरली. सुनेच्या मनांतील मास्तर उतरविण्यास किती काळ लागेल तें पाहावयाचें आहे. आम्हीं त्यांना सांगितलें कीं, राहिलेला विषय पुढच्या वर्षीं द्यावा, आणि त्याचा अर्ज या खेपेस आम्ही भरूं. मग आम्ही भाजी चिरावयास गेलों.

ज्या घरांत कोणी आजारी सून, लेक वा पत्नी शिकत असेल, तेथील वडीलधाऱ्यांस आमची एवढीच विनंती आहे. ती किती करते हें चारचौघांत सांगण्यापूर्वीं, सकाळीं तिच्या हातांत काय आहे तें एकदां पाहावें, आणि त्यांतील एक काम आपल्या हातीं घ्यावें.