भाड्याची खोली आणि साथीचे दिवस

पूर्वी शेतकरी घर बांधी ते स्वतःला राहण्यासाठी. आता तसे राहिलेले नाही. चाकण, रांजणगाव, वाळूज अशा ठिकाणी कारखाने आले आणि आसपासच्या गावांत शेतकऱ्यांनी ओळीने खोल्या बांधल्या. पुढे पडवी, कडेला नळ आणि संडास. त्या खोल्यांत परगावचे कामगार राहतात. त्यांच्या भाड्यावर मालकाच्या घरचा किराणा येतो, मुलांची फी भरली जाते. दुसरीकडे आपल्याच गावची पोरे मुंबई-पुण्याला दुसऱ्याच्या खोलीत भाड्याने राहतात. बाप गावात घरमालक आणि मुलगा शहरात भाडेकरू, अशी घरेही आता पुष्कळ आहेत. तेव्हा मालकाने आणि भाडेकरूने, दोघांनीही हे वाचावे.

2020 साली कोरोनाची साथ आली. 25 मार्चपासून देशभर टाळेबंदी झाली. कारखाने बंद, पगार बंद, आणि महिना संपला की मालक दारात उभा. केंद्र सरकारच्या गृहखात्याने 29 मार्च 2020 रोजी हुकूम काढला की, मजुरांकडे एक महिन्याचे भाडे मागू नये. मजुरांना आणि विद्यार्थ्यांना खोली सोडायला लावणाऱ्या मालकावर कारवाई होईल, असेही त्यात म्हटले होते. मग 17 एप्रिलला महाराष्ट्राच्या गृहनिर्माण विभागाने घरमालकांना सूचना दिली. भाड्याची वसुली निदान तीन महिने पुढे ढकला, आणि भाडे थकले म्हणून कोणाला घराबाहेर काढू नका, अशी ती सूचना होती.

आता इथे एक घोटाळा झाला. पुष्कळांनी असे धरून चालले की भाडे माफ झाले. पुढे ढकलणे आणि माफ करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दिल्लीच्या उच्च न्यायालयापुढे असाच एक तंटा आला होता. टाळेबंदी आली म्हणून भाडे आपोआप थांबत नाही, असे त्या न्यायालयाने मे 2020 मध्ये सांगितले. करारात काय लिहिले आहे ते आधी पाहावे लागते. म्हणजे देणे राहतेच, फक्त त्याला सवड मिळते.

ही सवड कशी द्यावी? आम्ही जन्मभर शाळेत हिशेब शिकवला, म्हणून एक साधे गणित मांडतो. खोलीचे भाडे महिना 3,000 रुपये. तीन महिने थकले, म्हणजे 9,000 रुपये झाले. काम पुन्हा सुरू झाल्यावर भाडेकरूने दर महिन्याच्या भाड्याबरोबर 750 रुपये जास्त दिले, तर बारा महिन्यांत सगळी बाकी फिटते. मालकाचे बुडत नाही आणि भाडेकरूच्या पोटाला चिमटा बसत नाही. मात्र हे ठरले की कागदावर लिहावे आणि दोघांनी सह्या कराव्यात. तोंडी ठरलेल्या गोष्टीची आठवण दोघांची वेगवेगळी असते, बघा. आणि जेवढे पैसे हातात आले तेवढ्याची पावती मालकाने त्याच वेळी द्यावी.

भाडे थकवणारा प्रत्येक जण लबाड नसतो. अडलेला वेगळा आणि अडवणारा वेगळा. अडलेला माणूस समोर येऊन सांगतो, थोडे का होईना देतो. अडवणाऱ्याच्या हाती पैसा असतो, पण सरकारचे नाव पुढे करून तो टाळाटाळ करतो. त्याच्यासाठी नोटीस आहे, न्यायालय आहे. महाराष्ट्रात 1999 चा भाडे नियंत्रण कायदा आहे. तो मुंबई-पुण्यासारख्या शहरांना आणि त्या कायद्याच्या यादीत नाव असलेल्या गावांना लागतो. भाडे थकल्याच्या कारणावरून खोली परत मागायची, तर त्या कायद्याप्रमाणे आधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि नव्वद दिवस थांबावे लागते. हे लांबण आहे खरे. पण जवळची वाट म्हणून काही मालक जे करतात, ते त्यांच्याच अंगावर येते.

ती जवळची वाट कोणती? नळ तोडायचा. वीज बंद करायची. संडासाला कुलूप घालायचे. भाडेकरू गावी गेला की सामान बाहेर टाकून आपले कुलूप लावायचे. याच कायद्याच्या 29 व्या कलमाप्रमाणे पाणी, वीज, संडास अशा गरजेच्या सोयी तोडणे हा गुन्हा आहे. त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. न्यायालयाच्या हुकुमावाचून कोणाला घरातून काढले, तर तो सहा महिन्यांच्या आत दावा लावून घराचा ताबा परत मागू शकतो. आणि साथीच्या दिवसांत पाणी तोडणे म्हणजे काय, याचा विचार करा. सरकार सांगते हात धुवा, आणि मालक नळ बंद करतो! शेजारच्या खोलीत मालकाचीच मुले राहतात, हे त्याच्या ध्यानात येत नाही.

त्याच साथीत काही ठिकाणी दवाखान्यातल्या परिचारिकांना आणि डॉक्टरांना मालकांनी खोल्या खाली करायला सांगितल्या. रोग घरात आणाल, असे कारण दिले. रात्रंदिवस रोग्यांची सेवा करून आलेल्या बाईला दारातून परत पाठवायचे, याला आम्ही भीती म्हणत नाही, दुसरे नाव देतो. ते इथे लिहीत नाही. 22 एप्रिल 2020 रोजी केंद्र सरकारने 1897 च्या साथरोग कायद्यात बदल केला. आरोग्य कर्मचाऱ्यांना राहत्या जागी त्रास देणे हाही त्यात गुन्हा ठरवला.

भाड्याचे एवढे पुरे. खरी अडचण येते ती दुरुस्तीची. भाडे थांबवता येते, पण पाऊस थांबत नाही. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. रायगड-रत्नागिरीकडे हजारो घरांचे पत्रे आणि कौले उडाली. साथ ऐन भरात, आणि डोक्यावर छप्पर नाही! अशा वेळी गवंडी, सुतार घरात येऊ नयेत असे म्हणून कसे चालेल? सरकारनेही वायरमन, नळवाले, सुतार यांना 20 एप्रिल 2020 पासून कामाची मोकळीक दिली होती. फक्त जिथे रोगाचा जोर होता, ती प्रतिबंधित क्षेत्रे वगळली होती.

पण भाडेकरू दार उघडत नसेल तर?

आमच्या माहितीतली एक गोष्ट सांगतो. एका म्हाताऱ्या बाईंच्या चार खोल्या. एका खोलीत कारखान्यातला कामगार, त्याची बायको आणि लहान मूल. जून महिन्यात पत्र्याच्या कडेने पाणी झिरपू लागले, भिंत ओली झाली. त्याच भिंतीवर विजेचे बटण. हात लावला की झिणझिण्या येत. बाईंनी वायरमन बोलावला. भाडेकरूने दार उघडले नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बाई चिडल्या. "दोन महिन्यांचं भाडं थकलंय, वर ही मिजास!" असे म्हणून त्यांनी चारचौघांत त्याला बोल लावले.

शेवटी शेजारच्या एका शहाण्या माणसाने खिडकीशी उभे राहून विचारले, "का रे बाबा, दार का उघडत नाहीस?" तो म्हणाला, "काका, वायरमन शहरातून येतो. घरात लहान पोर आहे. आणि भाडं थकलंय माझं. माणसं आत आली की सामान बाहेर काढतील, अशी धास्ती वाटते."

म्हणजे बाईंना वाटले भाडे बुडवायचे म्हणून हा दार लावतो, आणि त्याला वाटले घराबाहेर काढायचे म्हणून ही माणसे पाठवते. भिंतीतली वीज मात्र कोणाचेच भाडे विचारत नव्हती. त्या शेजाऱ्याने तोड काढली. आधी मेन स्विच बंद केला. मग बाईंकडून एका कागदावर लिहून घेतले की, वायरमन फक्त बटण आणि तारा दुरुस्त करील, भाड्याचे बोलणे पुढच्या महिन्यात होईल. कागद खिडकीतून आत दिला. दार उघडले. काम तासाभरात झाले.

यातली मुख्य गोष्ट ही की, दुरुस्ती आणि भाडे यांचे हिशेब एकमेकांत मिसळू नयेत. "भाडे दे, मग पत्रा बदलतो" असे मालकाने म्हणू नये. "भाडे मागशील तर आत येऊ देणार नाही" असे भाडेकरूने म्हणू नये. इथे एक बारीक फरकही ओळखा. शॉक लागेल म्हणून तासभर मेन स्विच बंद करणे ही काळजी आहे. भाड्यासाठी वीज तोडणे हा गुन्हा आहे.

घर मालकाचे असले तरी उंबरठ्याच्या आत भाडेकरूचा संसार असतो. मालकाला घर पाहण्याचा हक्क आहे, पण आधी खबर देऊन आणि योग्य वेळी. भाडे नियंत्रण कायद्याचे 28 वे कलम हेच सांगते. जिथे तो कायदा लागत नाही, तिथे 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आहे. त्याप्रमाणेही मालकाला योग्य वेळी येऊन घर पाहू देणे भाडेकरूवर बंधनकारक आहे. रात्री-अपरात्री किल्ली लावून शिरणे कोणत्याच कायद्यात बसत नाही. साथीत माणूस आधीच भ्यालेला असतो, तेव्हा दारात शिरण्याची रीत फार जपावी लागते. पुण्यात 1897 साली प्लेग होता. रँडसाहेबाच्या हाताखालच्या गोऱ्या सोजिरांनी घरे तपासली, देवघरापर्यंत माणसे शिरली. तपासणी रोग शोधण्यासाठी होती, पण लोकांना तो जुलूम वाटला. 22 जूनच्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली, आणि पुढे चापेकर बंधू फासावर गेले. आपला घरमालक काही रँडसाहेब नव्हे. तरी दार वाजवण्याआधी दोन शब्द सांगायला काय जाते?

आता काम कसे करावे ते पाहू. पहिल्यांदा ठरवावे की हे काम आजच हवे की थांबेल. शॉक लागणे, गॅसचा वास येणे, संडास तुंबणे, छप्पर गळणे, भिंत कलणे ही कामे थांबत नाहीत. रंग, चुना, फरशी ही कामे साथ ओसरल्यावर करावीत. पत्रे, पन्हळ, टाकी, मीटर यांचे काम बाहेरूनच करता येते, त्यासाठी आत जायचे कारण नाही. आत जाणे भाग असेल, तर कोरोनासारखा रोग श्वासातून, कोंदट खोलीत जास्त पसरतो हे लक्षात ठेवावे. आधी अर्धा-एक तास दारे-खिडक्या उघडून ठेवाव्यात. घरच्यांनी अंगणात किंवा पडवीत बसावे. कारागीर एकच यावा, दोन नकोत. त्याने नाका-तोंडावर मास्क लावावा, येताना-जाताना साबणाने हात धुवावेत. खोकला किंवा ताप असलेल्या कारागिराला मालकाने पाठवूच नये.

आणि भाडेकरूच आजारी असेल तर? मग डॉक्टरांनी सांगितलेले दिवस संपेपर्यंत थांबावे. फार निकडीचे असेल तर ग्रामपंचायतीच्या किंवा आरोग्य केंद्राच्या माणसाला विचारून करावे. आजारी माणसाने आजार लपवू नये आणि मालकाने त्यासाठी त्याला हाकलू नये. एक नसले की दुसरेही होत नाही.

मालकच दुरुस्ती करीत नाही, असेही घडते. बरेच वेळा साथीचे निमित्त असते. भाडे नियंत्रण कायदा लागत असेल, तर भाडेकरूने मालकाला लेखी नोटीस द्यावी. पंधरा दिवसांत काम झाले नाही, तर स्वतः दुरुस्ती करून तो खर्च भाड्यातून वळता करता येतो. पण त्याला मर्यादा आहे. वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शाहून जास्त रक्कम एका वर्षात कापता येत नाही. महिना 3,000, तर वर्षाचे 36,000, आणि चौथा हिस्सा 9,000. गवंड्याची आणि दुकानाची पावती जपून ठेवावी. पावती नसेल तर हा हक्क कागदावरच राहील.

5 मे 2023 रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. टाळेबंदीतले ते हुकूमही आता उरलेले नाहीत. पण वर सांगितलेले कायदे साथीआधीही होते आणि आजही आहेत. तेव्हा लिहायला शिकलेल्या माणसाने चिठ्ठी लिहायची सवय करावी. मालकाने अशी लिहावी:

"रा. रा. भाडेकरू यांस, नमस्कार. आपल्या खोलीचा पत्रा गळतो. येत्या बुधवारी सकाळी 10 ते 12 या वेळात एक गवंडी येईल. तो मास्क लावून येईल. काम फक्त पत्र्याचे आहे. ही वेळ सोयीची नसेल, तर सोयीची वेळ कळवावी. भाड्याविषयी वेगळे बोलू."

चिठ्ठीवर तारीख घालावी. दोन प्रती कराव्यात. एक द्यावी, दुसरीवर मिळाल्याची सही घ्यावी. सही देत नसेल, तर पोचपावती मिळेल अशा रीतीने पोस्टाने पाठवावी. मोबाईलवर निरोप पाठवला असेल, तर तो पुसू नये. एवढे करूनही तंटा मिटला नाही, तर तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते, तिथे जावे. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींचे लोक यांना तिथे कमाई न पाहता फुकट वकील मिळतो. जाताना भाडेपावत्या, करार आणि ही चिठ्ठी बरोबर न्यावी.