अठराव्या वर्षाचा उंबरठा

आपल्या घरी मुलगा १८ वर्षांचा झाला म्हणून आपण त्याला घराबाहेर काढीत नाही. बालगृहातल्या मुलाला मात्र त्याच वयात बालगृह सोडावे लागते. आणि बारावीची परीक्षा व कॉलेजप्रवेश यांची वेळही नेमकी तीच!

कायद्याने ही अडचण ओळखलेली आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाखाली अशा मुलांच्या अनुरक्षणाची सोय २१ व्या वर्षापर्यंत, अपवाद म्हणून २३ व्या वर्षापर्यंत करता येते. महाराष्ट्र सरकारने २०१८ साली अनाथांसाठी शिक्षणात व नोकरीत १ टक्का आरक्षण ठेवले. त्यासाठी महिला व बालविकास खात्याचे अनाथ प्रमाणपत्र लागते.

पण हक्क कागदावर आला म्हणजे अर्धेच काम झाले. तो पदरात पाडून घेणे हे उरलेले अर्धे. कामगार चळवळीत आम्ही हेच शिकलो. कामगाराच्या पाठीशी युनियन असते. या मुलाच्या पाठीशी कोण? म्हणून आमचे म्हणणे एवढेच : प्रमाणपत्राचा अर्ज दहावीतच व्हावा. प्रवेशाच्या रांगेत त्याच्याबरोबर कोणी वडीलधारे उभे राहावे. आणि दिवाळीत वसतिगृह बंद झाल्यावर त्याने जावे कोठे, याचे उत्तर गावातल्या एका तरी घराने द्यावे.