ग्लिसरीन सुरक्षित आहे का? प्रश्न एक नाही, दोन आहेत

केकच्या पाकिटावर ‘आयएनएस ४२२’ हा आकडा वाचलाय कधी? तेच आपलं ग्लिसरीन, म्हणजे रसायनशास्त्रातलं ग्लिसरॉल. त्याच्या रेणूतले तीन हायड्रॉक्सिल गट हायड्रोजन बंधांनी पाण्याला धरून ठेवतात. त्यामुळे केक मऊ राहतो आणि बुरशीला वापरता येणारं मोकळं पाणीही कमी होतं. म्हणूनच पदार्थात पाणी किती, एवढंच मोजून भागत नाही. वॉटर ॲक्टिव्हिटीही मोजावी लागते.

मग हे सुरक्षित आहे का? साठलेली चरबी मोडते तेव्हा आपल्या शरीरातही ग्लिसरॉल तयार होतं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१७ मध्ये फेरतपासणी केली आणि रोजच्या सेवनाची मर्यादा आकड्यात ठरवायची गरज नाही असं सांगितलं.

पण १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औषध म्हणून ग्लिसरीन दिलेले १४ रुग्ण दगावले. दोष ग्लिसरीनचा नव्हता. त्यात विषारी डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेलं होतं. दोन्ही द्रव रंगहीन, दाटसर आणि चवीला गोड.

म्हणून मित्रांनो, दोन प्रश्न वेगळे ठेवा. रेणू सुरक्षित आहे का? आणि बाटलीत तोच रेणू आहे का? दुसऱ्याचं उत्तर लेबल वाचून मिळत नाही, चाचणी करूनच मिळतं.