गप्पींचा हौद : पाणवनस्पती लावा, निम्मे काम सोपे करा

‘गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा’ ही घोषणा खेड्यापाड्यांतल्या भिंतींवर अनेक वर्षे दिसते आहे. गेवराई तालुक्यातील चकलांब्यासारख्या गावांना ती विशेष लागू पडते. बीड हा अवर्षणप्रवण जिल्हा. नळाला रोज पाणी येईलच असे नाही, म्हणून हौद, रांजण, बॅरल भरून ठेवावे लागतात. डेंग्यू पसरवणारा एडिस डास नेमका अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण ८ ते १० दिवस पुरतात.

गप्पी हा मूळचा दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातला मासा. नर जेमतेम ३ सेंटिमीटर, मादी त्याच्या दुप्पट. एक मासा दिवसाला ८० ते १०० अळ्या खातो, असे राष्ट्रीय कीटकजन्य रोग नियंत्रण कार्यक्रम सांगतो. मादी अंडी न घालता थेट पिल्ले देते, तीही साधारण दर चार आठवड्यांनी. नराशी एकदा संयोग झाला की पुढच्या अनेक वेळची पिल्ले ती त्यावरच देऊ शकते.

मग हौदातले गप्पी वाढत का नाहीत? कारण मोठे मासे स्वतःचीच पिल्ले गिळतात. यावरचा सोपा उपाय म्हणजे दाट पाणवनस्पती. हायड्रिलासारख्या वनस्पतीच्या जाळीत पिल्लांना लपायला जागा मिळते आणि पानांवरचे सूक्ष्म जीव खायलाही मिळतात. माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर पडतो. तळातल्या मातीतले जिवाणू त्याचे नायट्रेट करतात आणि वनस्पती ते शोषून घेतात. त्यामुळे पंप किंवा फिल्टर नसला तरी पाणी चांगले राहते.

अडगळीतली सिमेंटची टाकीही यासाठी चालते. तळाला थोडी माती, वर वाळू घाला आणि वनस्पती लावा. विहिरीतून किंवा ओढ्यातून आणलेली वनस्पती नीट धुऊन घ्या, नाहीतर चतुराच्या अळ्या सोबत येतात आणि पिल्ले खातात. टाकीवर सकाळचे ऊन यावे, पण दुपारी सावली हवी. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात उथळ पाणी फार तापते. दोन-तीन आठवडे टाकी मुरू द्या, मग एका नरामागे दोन-तीन माद्या सोडा. मासे मलेरिया विभागाकडून किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून मिळू शकतात.

नंतर हात आवरता घ्यायचा. खाद्य चिमूटभरच द्या. उरलेले खाद्य कुजले की पाणी बिघडते. टाकी घासून लख्ख करू नका. बाष्पीभवनाने कमी झालेले पाणी तेवढे भरा. क्लोरिन असलेले नळाचे पाणी आधी एक दिवस उघड्यावर ठेवा. टीसीएल पावडर टाकलेल्या पाण्यात गप्पी मरतात, हे लक्षात ठेवा.

मासे वाढले की ते वापराच्या पाण्याच्या हौदात, गुरांच्या टाकीत सोडा. तिथे त्यांना खाद्य घालू नका, नाहीतर ते अळ्यांकडे दुर्लक्ष करतील. पिण्याच्या भांड्यात मासे सोडू नका. ते झाकून ठेवणे आणि आठवड्यातून एकदा रिकामे करून घासणे हाच मार्ग. टायर, कुंडीखालची बशी, फुटके डबे इथे गप्पीचा उपयोग नाही. नुसत्या माशांवर विसंबून डेंग्यू जात नाही. कोरडा दिवस पाळावाच लागतो.

आणखी एक पथ्य महत्त्वाचे. गप्पी परदेशी आणि काटक आहे. नदी, ओढा, तलावात तो सुटला तर देशी लहान माशांच्या वाट्याचे अन्न खातो. म्हणून सिंदफणा किंवा गोदावरीच्या पात्रात तो सोडू नये. देशी मासेही अळ्या खातात. गोव्यात १९९० च्या दशकात हिवतापाविरुद्ध अ‍ॅप्लोकायलस ब्लॉकी या स्थानिक माशाचा वापर करून पाहिला गेला होता. गप्पीची जागा बंदिस्त हौदातच आहे, आणि तिथे तो चोख काम करतो.