हिरड्यांचे लेझर : आधी फट मोजा, मग खर्च करा

गेल्या रमजानमध्ये इफ्तारची खजूर चावताना आमच्या अम्मींचा खालचा पुढचा दात हलला. ब्रश करताना रक्त मात्र वर्षभरापासून येत होते. "वय झालं आता," असे त्या म्हणायच्या आणि आम्ही ऐकून घ्यायचो. दहा वर्षांचा मधुमेह आणि तरुणपणापासूनची मिश्री, दोन्ही आम्हाला ठाऊक होते. तरी हिरड्यांकडे घरात कोणी पाहिले नाही. ही चूक आमचीच.

जवळच्या खासगी दवाखान्यात दोन मिनिटांत तपासणी आटोपली. "लेझर करून घ्या. कापाकापी नाही, टाके नाहीत," असे सांगून मोठ्या रकमेचा कागद हाती दिला. अम्मी घाबरल्या. "दातच काढून टाका, पैसे तरी वाचतील," म्हणू लागल्या. आम्ही थांबलो आणि त्यांना सरकारी दंत महाविद्यालयात हिरड्यांच्या विभागात घेऊन गेलो.

तिथल्या डॉक्टरांनी खुणा असलेल्या बारीक सळईने प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी खोली मोजली, एक्स-रे काढला. निरोगी हिरडी आणि दात यांच्यातली फट १ ते ३ मिलिमीटर असते. अम्मींची काही ठिकाणी ६ भरली. एवढ्या खोल ब्रश पोहोचत नाही, मिस्वाकही नाही. जंतूंचा थर साचतो, त्याचे दगडासारखे किटण होते आणि दाताला धरून ठेवणारे हाड झिजत जाते. यालाच आपण पायरिया म्हणतो. मधुमेहात तो लवकर वाढतो आणि हिरड्यांची सूज साखरही बिघडवते.

मग लेझर काय करते? केसासारखा बारीक तंतू या फटीत घालून प्रकाशाची ऊर्जा सोडतात. आतला सुजलेला पापुद्रा निघतो, जंतू कमी होतात, रक्तही कमी येते. 'लॅनॅप' नावाच्या अशा पद्धतीला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ साली मान्यता दिली. पण तीत वापरतात ते एनडी-याग लेझर. आपल्याकडे अनेक दवाखान्यांत असते ते डायोड लेझर. नाव एकच, यंत्रे वेगळी. आणि लॅनॅपमध्येसुद्धा मुळांवरचे किटण वेगळ्या यंत्राने काढावेच लागते. डायोड लेझरने तर किटण निघतच नाही. म्हणजे लेझर हे खोल सफाईच्या जोडीला असते, तिच्या जागी नाही. या जोडीचा जादा फायदा माफकच असतो, असे आजवरच्या अभ्यासांतून दिसते.

अम्मींची खोल सफाई भूल देऊन दोन खेपांत झाली. "सफाईने दात सैल होतात," असे शेजारच्या खालांनी बजावले होते. खरे तर दात आधीच सैल झालेले असतात. किटणाने ते जखडून ठेवलेले असतात, एवढेच. मिश्री बंद झाली, साखरेची तपासणी नियमित झाली. दोन महिन्यांनी पुन्हा मोजले तेव्हा बहुतेक फटी कमी झाल्या होत्या. एक दाढ मात्र वाचली नाही. वर्षभर आधी गेलो असतो तर कदाचित वाचली असती.

लेझर वाईट नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असणाऱ्यांना किंवा शस्त्रक्रियेची धास्ती असणाऱ्यांना हिरडीतज्ज्ञ ते सुचवू शकतात. पण होकार देण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात : फटी किती खोल आहेत? खोल सफाई होणार आहे का? कोणते लेझर, आणि त्याने माझ्या बाबतीत जादा काय मिळेल? पुन्हा मोजणी कधी?

आता दर तीन महिन्यांनी आम्ही अम्मींना तपासणीला नेतो. आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारा, चूळ भरताना रक्त दिसते का? "वय झालं" हे उत्तर मात्र ऐकून घेऊ नका.