पोटभाडेकरू

काटोल रोडनं नागपूरबाहेर पडताना टाकळी लागते. लागते म्हणजे पाटीवर लागते. गाव शहरानं केव्हाच गिळलं, नाव तेवढं पचलं नाही. पेशीच्या इतिहासाचा मागोवा या टाकळीपासून सुरू करायला मला आवडतं, आणि त्याचं कारण निव्वळ नागपूरकराचा अभिमान नाही.

दख्खनचा काळा दगड म्हणजे एकावर एक साचलेले लाव्ह्याचे थर. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास एक लोट येऊन गेला की मध्ये काही काळ शांततेचा जायचा. त्या काळात तळी साचायची, शेवाळ धरायचं, गोगलगायी फिरायच्या, आणि मग पुढचा लोट येऊन सगळ्यावर झाकण घालायचा. दोन लोटांमध्ये अडकलेला तळ्याचा हा गाळ टाकळीला उघडा पडला होता. 1845 मध्ये नागपुरात आलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप शाळा चालवायचे, धर्म सांगायचे आणि उरलेल्या वेळात दगड फोडायचे. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासोबत त्यांनी लिहिलेला नागपूर परिसराच्या भूशास्त्राचा आणि जीवाश्मांचा लेख 1855 मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात आला. टाकळीच्या गाळातून माशांचे खवले, बिया, शिंपले, भुंग्यांचे पंख असं बरंच काही निघालं. नागपूरकरांना हिस्लॉप हे नाव कॉलेजमुळे माहीत आहे. ते कॉलेज 1883 चं, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी निघालेलं. सप्टेंबर 1863 मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून बोरीकडे परतताना ते पूर आलेल्या नाल्यात घोड्यासह सापडले आणि बुडाले.

मला त्या गाळातली सर्वांत आवडणारी वस्तू मात्र टाचणीच्या डोक्याएवढी आहे. कारा या पाणशेवाळाचं फळ, निदान तेव्हाच्या लोकांनी त्याला फळच म्हटलं. पाच पेशी डावीकडे पीळ देत अंड्याभोवती गुंडाळलेल्या, वर चुन्याचा थर. भिंगाखाली धरलं की इवलीशी चकली. हिस्लॉप यांच्याही आधी जॉन ग्रँट माल्कमसन या लष्करी डॉक्टरनं हैदराबाद-नागपूरच्या बाजूनं असे जीवाश्म गोळा केले होते. 1840 मध्ये सॉवर्बी यांनी माल्कमसन यांचं नाव देऊन कारा माल्कमसोनी ही जाती नोंदवली.

कारा आजही विदर्भातल्या तळ्यांत सापडतं. हातात घेतलं की खरखरीत लागतं, नाकाशी नेलं की लसणासारखा उग्र वास. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आम्हाला ते दिलं होतं, आणि पेशी नावाची गोष्ट खरी आहे यावर माझा विश्वास त्या दिवशी बसला. काराची एक पेशी काही सेंटिमीटर लांब असते, नुसत्या डोळ्यांनी दिसते. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यातला द्रव एका काठानं वर जातो, दुसऱ्या काठानं खाली येतो, अखंड. 1774 मध्ये इटलीत कोर्ती यांनी हे पाहिलं, तेव्हा पेशीसिद्धांत जन्मालाही आला नव्हता. रॉबर्ट ब्राउन यांनी केंद्रकाला नाव दिलं ते 1831 साली. एवढी मोठी पेशी, आत इतकी वाहतूक. आदिकेंद्रकी जीवाणूला हा थाट परवडत नाही. त्याला घराच्या आत घर नसतं, केंद्रकाला पडदा नसतो, मालाची ने-आण करणारी आंतर्द्रव्यजालिका नसते.

हिस्लॉप यांच्याच काळात मुंबईत हेन्री जॉन कार्टर हे कंपनी सरकारचे डॉक्टर टाक्यांतलं पाणी तपासत बसले होते. (हेन्री व्हॅनडाइक कार्टर म्हणजे दुसरे. तेही मुंबईतले डॉक्टरच, ‘ग्रेज् अॅनाटॉमी’ची चित्रं काढणारे. मी दोघांची गल्लत अनेक वर्षं केली.) 1856 मध्ये जॉन कार्टर यांनी मुंबई बेटावरच्या गोड्या पाण्यातल्या एकपेशीय जीवांच्या अंतर्रचनेवर लिहिलं, आणि 1858 मध्ये नागपूरकडच्या पाण्यातल्या एका चिमुकल्या, वसाहत करून राहणाऱ्या प्राण्याला हिस्लॉप यांच्यावरून हिस्लोपिया हे नाव दिलं. एकपेशीय जीवाच्या पोटात नक्की काय आहे, हा तेव्हाचा मोठा वाद होता. जर्मनीत एरेनबर्ग यांनी पॅरामेशियमला नीळ आणि कारमिन खाऊ घातलं, आत रंगीत गोळे दिसले, आणि त्यांनी जाहीर केलं की या जीवाला अनेक जठरं आहेत. ती जठरं नव्हती, अन्नाच्या रिक्तिका होत्या. पण अन्न म्हणून आत गेलेली प्रत्येक गोष्ट पचतेच असं नाही, हा पुढचा प्रश्न कोणी विचारला नाही. तो विचारायला आणखी अर्धं शतक लागलं.

1905 मध्ये रशियातले मेरेश्कोव्स्की म्हणाले, वनस्पतीतलं हरितलवक हे मूळचं परकं आहे. कधीकाळी आत आलेला निळा-हिरवा जीव राहून गेलेला. कोणी फारसं मनावर घेतलं नाही.

याच संदर्भात सौसर महत्त्वाचं. सौसर म्हणजे नागपूरहून छिंदवाड्याला जाताना लागणारं गाव, मध्य प्रदेशात असलं तरी मराठी बोलणारं. तिथल्या चर्ट दगडात बिरबल सहानी आणि एच. एस. राव यांना अझोलाचे बीजाणू सापडले. त्यांनी अझोला इंटरट्रॅपिया ही जाती प्रसिद्ध केली. सहानींनी नागपूर-छिंदवाडा पट्ट्यावर वर्षानुवर्षं काम केलं. त्यांच्यानंतरही सौसर आणि मोहगाव कलानचे तासलेले दगड किती पिढ्यांच्या विद्यार्थ्यांनी चाळले असतील, याचा हिशोब नाही.

अझोला हे पाण्यावर तरंगणारं नेचं. आजकाल शेतकरी ताडपत्री घातलेल्या खड्ड्यात ते वाढवतात, गाईला घालतात, धानाच्या बांधीत सोडतात. धानाला त्याचा उपयोग होतो तो त्याच्या पानातल्या बिऱ्हाडामुळे. पानाच्या वरच्या पाकळीत एक पोकळी असते आणि तीत नॉस्टॉक हा निळा-हिरवा जीवाणू राहतो. हवेतला नायट्रोजन धरून तो घरमालकाला देतो. बीजाणूसोबत तो पुढच्या पिढीतही जातो, लेकीसोबत पाठराखीण जावी तसा. आपल्या घराच्या भाषेत सांगायचं तर हा भाडेकरू ओसरीवरचा. पोकळी पानाची आहे, पेशीच्या आत त्याला अजून प्रवेश नाही. पण 2010 मध्ये त्याची जनुकं वाचली तेव्हा जवळपास एक-तृतीयांश निकामी झालेली निघाली. बाहेर पडून स्वतंत्र संसार मांडण्याची त्याची ताकद गेली आहे.

तंतुकणिकेचं तेच झालं, फक्त ती माजघरात राहायला आली. तिला दोन पडदे, स्वतःचं वर्तुळाकार डीएनए, जीवाणूच्या धाटणीचे रायबोसोम, आणि ती स्वतःच दुभंगून वाढते. माणसाच्या तंतुकणिकेत आता 37 जनुकं उरली आहेत. बाकीची काही हरवली, काही केंद्रकाच्या तिजोरीत जमा झाली. घरजावयाची सातबाऱ्यावरची नावं एकेक करून सासऱ्याकडे जावीत तसं. आम्हाला शिकवलं गेलं ते ‘पेशीचं ऊर्जाघर’ एवढंच. ऊर्जाघर कुठून आलं हे आमच्या पुस्तकात नव्हतं. तोवर 1967 साल उलटून बराच काळ गेला होता. त्या वर्षी लिन सेगन (पुढे मार्ग्युलिस) यांचा लेख सुमारे पंधरा नियतकालिकांनी परत केल्यावर अखेर छापून आला. तंतुकणिका आणि हरितलवक दोन्ही एकेकाळचे स्वतंत्र जीवाणू, हे त्यात सुसंगतपणे मांडलं होतं. घरमालक कोण, याचं उत्तर त्याहून उशिरा आलं. 2015 मध्ये समुद्रतळाच्या गाळातून लोकीआर्किया मिळाले. आपल्या पेशीची खास समजली जाणारी काही प्रथिनं त्या आर्कियांकडे आधीपासून होती.

आता पुन्हा विदर्भातल्या दगडांकडे. चंद्रपूर जिल्ह्यात वरोड्याजवळ पिसदुरा आहे. तिथे शेतात नांगराला डायनोसॉरची विष्ठा लागते, दगड झालेली. हसू येतं, पण विज्ञानात या विष्ठेला मोठा मान आहे. 2005 मध्ये तिच्यातूनच डायनोसॉर गवत खात होते हे सिद्ध झालं. त्याआधी, 2003 मध्ये, याच भागातल्या, लाव्ह्याखालच्या लॅमेटा नावाच्या थरांतून आणि लाव्ह्यामधल्या गाळातून आउलाकोसीरा या गोड्या पाण्यातल्या डायटमची नोंद झाली. संशोधकांनी तो तेव्हा ज्ञात असलेला सर्वांत जुना गोड्या पाण्यातला डायटम ठरवला. डायटम म्हणजे काचेच्या डबीत राहणारी एकच पेशी. तिचं हरितलवक सोनेरी-तपकिरी, आणि त्याभोवती पडदे चार.

चार का? कारण एका पेशीनं लाल शैवाल गिळलं, आणि त्या शैवालानं त्याआधी निळा-हिरवा जीवाणू गिळलेला होता. पोटभाडेकरूनं ठेवलेला पोटभाडेकरू. मराठीत हा शब्द घराच्या व्यवहारासाठी घडला, पण शब्दशः अर्थ घ्यायचा तर डायटमइतका तो कुणाला लागू पडत नाही.

मलेरियाच्या परजीवीतही तसंच चार पडद्यांचं बिऱ्हाड सापडलं, 1996 च्या सुमारास. गडचिरोलीत आजही दरवर्षी माणसांच्या रक्तात घुसणारा प्लास्मोडियम मूळचा शैवालधारी वंशातला. हिरवेपणा केव्हाच गेला, उजेडाशी संबंध संपला, पण एक खोली त्यानं मोडली नाही. तिचं नाव एपिकोप्लास्ट. काही आवश्यक मेदद्रव्यांचे कच्चे घटक तिथे तयार होतात, त्यांच्याशिवाय परजीवी जगत नाही. डॉक्सिसायक्लिनसारखं जीवाणूंवरचं औषध मलेरियावर चालतं ते या खोलीतल्या जीवाणूवंशी रायबोसोमला धरून. 1958 मध्ये नागपूरच्या शुक्ला आणि सोलंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलवर ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं. सिकलसेलच्या वाहकतेला रक्तात टिकवून धरणारा दबाव याच परजीवीचा.

ऱ्हायनोस्पोरिडियमची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती कप्प्यांच्या फसगतीची आहे. नाकात तांबडे, दाणेदार मांसल कोंब आणणारा हा जीव छत्तीसगडच्या तळ्यांच्या मुलखात घर करून आहे. 1933 मध्ये पुण्याच्या नदीपात्रातून वाळू काढणाऱ्या मजुरांतही त्याची नोंद झाली. त्याला आदिजीव म्हटलं गेलं, मग अनेक दशकं कवक मानलं गेलं. विसाव्या शतकाच्या अखेरीस जनुकं तपासली तेव्हा तो यातला कोणीच नाही असं दिसलं. प्राणी आणि कवक जिथून वेगळे झाले त्या फाट्याजवळचा प्रोटिस्ट. म्हणजे आपला लांबचा चुलत. ‘प्रोटिस्टा’ हा कप्पाच मुळात उरलेल्यांचा. हेकेल यांनी 1866 मध्ये तो केला तेव्हापासून प्राण्यात न बसणारे, झाडात न बसणारे सगळे तिथे. आता तो कप्पा कुणी सृष्टी म्हणून मानत नाही. काराची बदली वनस्पतीतून प्रोटिस्टांत आणि परत झाडांच्या सख्ख्या नात्यात झाली, तीही माझ्या एका आयुष्यात.

2024 च्या एप्रिलमध्ये ‘सायन्स’मध्ये बातमी आली. समुद्रातल्या ब्रारुडोस्फेरा या शैवालाच्या पेशीतला नायट्रोजन धरणारा जीवाणू आता जीवाणू राहिलेला नाही, ते पेशीअंगक झालं आहे. पेशीसोबत दुभंगतं, प्रथिनं केंद्रकाकडून मागवतं. नाव ठेवलं नायट्रोप्लास्ट. गृहप्रवेश सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वीचा. ती बातमी वाचून मला सौसर आठवलं. अझोलाच्या नॉस्टॉकनं ओसरीवर किती काळ काढला, हे त्या चर्टमधल्या बीजाणूंवरून सांगता येणार नाही. पण जनुकांच्या तुलनेत जोडीचा वंश सोबतच फुटत आलेला दिसतो.

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या शेतकऱ्यानं मला अझोलाचा खड्डा दाखवला. मूठभर उचलून त्यानं गाईपुढे टाकलं. मी एक पान खिशातल्या भिंगाखाली धरलं. हिरव्याच्या मधोमध निळसर डाग होता.